पीएचडीच्या संशोधनाचा उपयोग काय, आणि चांगला प्रबंध ओळखावा कसा?

आपण विचारले आहे की, विद्यापीठाने अलीकडे पीएचडी दिलेल्यांची यादी वाचली, तिच्यात रसायनशास्त्रापासून मराठी आणि वाणिज्यापर्यंत सगळे विषय होते, पण शीर्षकांवरून काहीच बोध झाला नाही. तर अशा संशोधनाचा कोणाला उपयोग होतो का, आणि आपल्यासारख्या ऐरोलीत राहणाऱ्या, त्या क्षेत्रात नसलेल्या माणसाने त्यातले चांगले कोणते हे कसे ठरवावे? मी ठाण्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. संशोधक विद्यार्थ्यांना जुने प्रबंध शोधून देणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, त्यामुळे संशोधक म्हणून नव्हे तर सर्व विषयांचे प्रबंध चाळणारा वाचक म्हणून मी हे उत्तर लिहीत आहे.

माझे मत असे की प्रबंधाचे निष्कर्ष लवकर जुने होतात, मात्र त्यासाठी गोळा केलेले साहित्य, म्हणजे मोजमापे, नोंदी, मुलाखती, गीतांचे पाठ, कागदपत्रांच्या नकला, हे पुष्कळ काळ कामाला येते. ज्या प्रबंधात हे साहित्य कोठून, केव्हा आणि कसे मिळवले हे स्वच्छ लिहिलेले असते, तो उपयोगाचा. विज्ञान असो वा मानव्यविद्या, मी एवढीच एक कसोटी लावतो.

शीर्षके कंटाळवाणी असण्याला कारण आहे. किमान तीन आणि सामान्यतः कमाल सहा वर्षांच्या मुदतीत एका माणसाला पेलेल एवढाच विषय घ्यावा, यासाठी संशोधन सल्लागार समिती तो आवळून घ्यायला लावते. म्हणून विज्ञानाच्या शीर्षकात एखाद्या संयुगाचे लांबलचक नाव येते आणि मानव्यविद्यांच्या शीर्षकात एका जिल्ह्याचे नाव व दोन सालांमधला कालखंड. यातले जिल्ह्याचे नाव मात्र जपून वाचावे लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या प्रबंधातील ‘ठाणे जिल्हा’ म्हणजे जव्हार, मोखाडा, तलासरी, डहाणू यांच्यासह १ कोटी १० लाखांवर लोकसंख्येचा, २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा होय. त्यात ठाणे शहर आणि मोखाडा यांची मिळून काढलेली सरासरी आजच्या ठाणे जिल्ह्याला लावता येत नाही. ज्या प्रबंधात तालुकावार आकडे दिलेले आहेत, त्यातून नव्या सीमांप्रमाणे हिशेब पुन्हा मांडता येतो. ज्यात केवळ जिल्ह्याची सरासरी आहे, तो या कामापुरता संपला.

आपल्या घराजवळचे उदाहरण ठाणे खाडीचे आहे. फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ साली मिळालेला रामसर पाणथळ क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा यांमुळे खाडी आता सर्वांना ठाऊक झाली आहे, परंतु रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र यांचे विद्यार्थी त्याच्या कितीतरी आधीपासून तिच्या चिखलात उतरत आलेले आहेत. खाडी ठाण्याच्या बाजूला अरुंद व उथळ आहे आणि दक्षिणेकडे मुंबई बंदराच्या दिशेने रुंद होत जाते. त्यामुळे वरच्या भागातील पाणी भरती-ओहोटीने तितकेसे धुऊन निघत नाही. एका काठाने ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे आणि दोन्ही काठांवरील वस्तीचे सांडपाणी तिच्यात येते. साहजिकच गाळातील शिसे, जस्त, तांबे, कॅडमियम यांचे प्रमाण मोजणे हा विषय पुनःपुन्हा घेतला जातो, आणि बाहेरच्या माणसाला वाटते की हे तेच ते चालले आहे. प्रत्यक्षात असे अभ्यास पुन्हा होणे आवश्यकच असते, कारण एकाच ठिकाणची वेगवेगळ्या वर्षांतली मोजमापे शेजारी ठेवल्याशिवाय खाडी सुधारते आहे की बिघडते आहे हे सांगताच येणार नाही.

अडचण येते ती ही मोजमापे खरोखर शेजारी ठेवता येतील का, येथे. धातू बारीक चिकणमातीला अधिक चिकटतात आणि जाड वाळूला कमी. म्हणून एका विद्यार्थ्याने कांदळवनातला मऊ चिखल घेतला आणि दुसऱ्याने प्रवाहातली वाळू घेतली, तर त्यांच्या आकड्यांतील फरक प्रदूषणाचा नसून मातीच्या पोताचा असू शकतो. जाणकार संशोधक कणांचा आकार नोंदवतो किंवा धातूचे प्रमाण अॅल्युमिनियम वा लोहाच्या प्रमाणाशी ताडून देतो. नमुना कोणत्या जागेचा, पावसाळ्यापूर्वीचा की नंतरचा, भरतीच्या वेळचा की ओहोटीच्या, किती खोलीवरचा, हे सारे तो कोष्टकात लिहितो. हे नसेल तर शेवटी काढलेला ‘खाडी गंभीररीत्या प्रदूषित आहे’ हा निष्कर्ष खरा असूनही निरुपयोगी ठरतो. तेवढे तर वाशीच्या पुलावरून जाणाऱ्या कोणालाही वासावरून सांगता येते.

नोंदी किती काळ उपयोगी पडतात याचे सर्वांत चांगले उदाहरण मला नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या विषयात दिसते. नवीन पनवेल येथील या संस्थेत पीएचडीचे संशोधक काम करतात. ही संस्था ज्या कुलाब्याच्या वेधशाळेच्या परंपरेतून उभी राहिली, तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून घेतल्या जात होत्या. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या प्रवाहामुळे या नाजूक मोजमापांत व्यत्यय येणार हे लक्षात घेऊन १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवण्यात आले. जुन्या व नव्या जागेतील नोंदींचा मेळ बसावा म्हणून काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी निरीक्षणे घेतली गेली. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावरील उद्रेकामुळे प्रचंड चुंबकीय वादळ आले, तेव्हा कुलाब्याला क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घट नोंदली गेली. ज्यांनी त्या दिवशी तो आकडा वहीत उतरवला त्यांना त्याचा संपूर्ण अर्थ लावण्याचे साधनच नव्हते. त्या नोंदीवरून वादळाची तीव्रता नव्याने मांडणारा शोधनिबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत या संस्थेचे शास्त्रज्ञही होते. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या यांना अशा वादळापासून किती धोका आहे याचा अंदाज बांधताना ती नोंद घेतली जाते.

मानव्यविद्यांकडे वळतो, कारण ‘उपयोग काय’ हा प्रश्न बहुधा त्यांनाच विचारला जातो. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली आणि त्या काळच्या ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. शेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाचे जीवन त्यानंतर एका पिढीत पालटले. आगरी लग्नात धवलारीण, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गीते गाणारी बाई, धवले गाते. तिला ही गीते तोंडपाठ असतात आणि गावागणिक त्यांच्या ओळी बदलतात. या विषयावरचा जो प्रबंध गाणाऱ्या बाईचे गाव, तिचे अंदाजे वय, तिने गीत कोणाकडून उचलले हे नोंदवून गीताचा पाठ उच्चारानुसार जसाच्या तसा देतो, त्याला पुढे भाषाशास्त्राचा अभ्यासक वापरील, इतिहासाचा वापरील, आणि जमिनी गेल्यावर गीतांतली शेती कधी व कशी गळाली हे तपासू पाहणारा समाजशास्त्राचा विद्यार्थीही वापरील. याउलट काही प्रबंधांत गीते प्रमाण मराठीत ‘शुद्ध’ करून छापलेली मला आढळली आहेत आणि पुढे तीनशे पानांत ती समाजाचे प्रतिबिंब असल्याचे सिद्ध केलेले आहे. ते सिद्ध करण्याची गरज कोणाला होती, हे मला आजवर उमगलेले नाही.

वाणिज्य व व्यवस्थापनातील प्रबंधांबद्दल थोडक्यात सांगतो. त्यांपैकी बरेचसे पाच पर्यायांच्या प्रश्नावलीवर उभे असतात. प्रश्नावली कोणाकडून, कशा पद्धतीने निवडलेल्या माणसांकडून भरून घेतली, हे पहिल्यांदा पाहावे. ओळखीच्या लोकांकडून भरून घेतली असेल, तर पुढील संख्याशास्त्रीय चाचण्या कितीही भारदस्त असल्या तरी त्यांच्यावर वेळ घालवू नये.

पदवी मिळाली म्हणजे दर्जा तपासला गेला, असे समजण्यातही पूर्ण तथ्य नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार वाङ्मयचौर्याच्या तपासणीत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते आणि त्यावर कारवाई होत नाही. परंतु साम्य कमी असणे आणि आशय नवा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध केलाच पाहिजे ही आयोगाची सक्ती नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत काढून टाकण्यात आली. ते बरेच झाले असे मी म्हणेन, कारण त्या सक्तीमुळे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची चांदी झाली होती.

आता आपण स्वतः काय करू शकता ते सांगतो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातील विद्यापीठांचे लाखो प्रबंध विनामूल्य वाचता येतात. तेथे प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी असते. मराठी प्रबंधाचे शीर्षक कधी देवनागरीत तर कधी रोमन लिपीत नोंदवलेले असते, त्यामुळे दोन्ही प्रकारे शोधावे. जुने मराठी प्रबंध पुष्कळदा पानांची छायाचित्रे म्हणून किंवा जुन्या टंकात चढवलेले असल्यामुळे त्यांच्या मजकुरात शब्द शोधता येत नाही, अनुक्रमणिकेवरूनच वाट काढावी लागते. प्रस्तावना आणि ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ सोडून प्रथम संशोधनपद्धतीचे प्रकरण उघडावे, मग परिशिष्टे पाहावीत आणि ती भरीव वाटली तरच मधल्या प्रकरणांकडे जावे. निष्कर्ष सर्वांत शेवटी वाचले तरी चालतात.

याशिवाय प्रबंधाची मौखिक परीक्षा विभागातील प्राध्यापक, इतर संशोधक विद्यार्थी आणि विषयात रस असलेले अभ्यासक यांना खुली असते. सूचना विभागाच्या फलकावर किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लागते. आपल्या आवडीच्या विषयाची सूचना दिसल्यास विभागात दूरध्वनी करून उपस्थित राहता येईल का, हे विचारून घ्यावे. बाहेरचा परीक्षक जेव्हा ‘हा नमुना तुम्ही नेमका कोठून घेतलात?’ असे विचारतो, त्यानंतरचे उत्तर लक्षपूर्वक ऐकावे. प्रबंध स्वतःच्या कष्टाचा असेल तर उमेदवार त्या प्रश्नावर खुलतो आणि थांबवावे लागेपर्यंत बोलतो.