पट्टा लावला तर पाय आळशी होईल का?

फूट ड्रॉपचे, म्हणजे पायाचा पंजा वर उचलता न येणारे पेशंट माझ्याकडे समुपदेशनासाठी बहुतेक फिजिओकडून येतात आणि प्रश्न जवळजवळ प्रत्येकाचा एकच, "मॅडम, पट्टा लावला तर पाय आळशी होईल ना?" पट्टा म्हणजे एएफओ, पोटरीच्या मागून तळव्याखाली येणारी प्लास्टिकची स्प्लिंट. इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहूनच टाकते.

दत्ताभाऊ (नाव बदललंय) भांडुपला राहतात, लादी बसवायचं काम, म्हणजे दिवसदिवस उकिडवं बसणं. एका सकाळी उजवा पंजा वर उचलेचना, चालताना फटकन आपटायचा, स्लिपर पायातून कधी निसटली तेही कळायचं नाही. घरच्यांना वाटलं पॅरालिसिस. टेस्ट केल्यावर कळलं नस गुडघ्यापाशी दाबली गेलीये. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला जरा खाली हाडाचा उंचवटा हाताला लागतो बघा, तिथून ही नस वळसा घेते आणि वर जवळपास नुसती कातडी, त्यामुळे तासन्‌तास उकिडवं बसणं, पायावर पाय टाकून बसणं, घट्ट प्लास्टर, भराभर उतरलेलं वजन, कशानेही ती दाबली जाते. काहींची मूळ गडबड कमरेच्या मणक्यात असते, काहींना डायबेटिस, कुष्ठरोगातही होतं, म्हणून कारण डॉक्टरांकडून शोधून घ्यायलाच हवं.

दत्ताभाऊंचा पट्टा पिशवीतच.

"का नाही लावत?"

"आधाराची सवय लागेल."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

पुढच्या भेटीतही हेच. मग मी विचारलं, "साइटवर लावून गेलात तर काय होईल?" बराच वेळ गप्प. मग खाली बघत म्हणाले, "मुकादम बघेल. हा लंगडा झाला म्हणेल, उद्यापासून दुसरा माणूस."

इथे मला धागा सापडला. मी मानते की माणूस प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाचा जो अर्थ लावतो त्याने जास्त खचतो, आणि इतक्या वर्षांत तो अर्थ नेमका ओळखायला कान तयार झालाय. 'पट्टा म्हणजे मी संपलो' हा दत्ताभाऊंचा अर्थ होता, पायाच्या आळसाचं नुसतं निमित्त.

मी म्हटलं, "स्लॅब भरण्याआधी खालून सेंट्रिंगचा तात्पुरता आधार लावतात, त्याने स्लॅब आळशी होतो?"

ते हसलेच. "नाही हो, स्लॅब आपला आपण पक्का होतो. सेंट्रिंग नसेल तर खाली येईल." थांबले. "म्हणजे नस आपलं काम करतेय, पट्टा फक्त पंजा धरतो?"

मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं!

नसेचा धागा तुटला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिने लागणारच, नुसती दाबली असेल तर बऱ्याचदा लवकर सुधारते. तोपर्यंत पंजा लोंबत राहिला तर टाचेमागचा स्नायूबंध आखडतो आणि लोकलमध्ये चढता-उतरता बोटं अडकून माणूस पडतो, पट्टा हे दोन्ही टाळतो. व्यायाम मात्र पट्टा काढून रोज करायचे, टॉवेलने पंजा स्वतःकडे ओढायचा, मनापासून उचलायचा प्रयत्न करायचा. पायाला बधिरपणा असतो म्हणून पट्ट्याने कुठे घासलंय का ते रात्री बघा, डायबेटिस असेल तर नक्कीच. वर्षभरात जोर आलाच नाही तर चालू असलेला दुसरा स्नायू वळवून बसवायचं ऑपरेशन होतं.

दत्ताभाऊंनी मुकादमाला स्वतःच सांगितलं. त्याने भिंतीच्या टाइल्सचं उभ्याने करायचं काम दिलं, उकिडवं बसणं आपोआप कमी झालं. काही महिन्यांनी अंगठा हलायला लागला, मग पंजा. गर्दीच्या लोकलला ते अजून पट्टा लावतात आणि मी त्यांना थांबवत नाही.

घरच्यांनो, "अजून बरं नाही झालं?" हे रोज विचारू नका, व्यायामाला शेजारी बसा. आणि पंजा पडण्यासोबत तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोलणं अडखळतंय, किंवा कंबरदुखीत लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली, तर समुपदेशन-बिमुपदेशन नंतर, आधी ताबडतोब हॉस्पिटल.