बेळगावहून सिंधुदुर्ग किल्ला एका दिवसात बघून परत येता येतं का?

येतं, फक्त पहाटे पाचला निघा. शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली घाट, सावंतवाडी, कुडाळ, मालवण असं साधारण दीडशे किलोमीटर पडतं. घाट धरून चार तास. माझी भाड्याची गाडी आहे, सुट्टीत याच रस्त्यावर असते. मालवणच्या धक्क्यावरून होडी मिळते, तिकीट जाऊन-येऊन एकच. होडीवाले तासभर देतात आणि खरी गोची तिथेच. होडीत चढतानाच जास्त वेळ मागून घ्या. महाराजांनी १६६४ ते १६६७ मध्ये कुरटे बेटावर बांधलेला हा किल्ला तासाभरात उरकायचा नाही. दरवाजा तटाच्या वळणात असा दडवलाय, की अगदी जवळ जाईस्तोवर दिसत नाही. आत गेल्यावर महाराजांचे म्हणून दाखवतात ते चुन्यातले हाता-पायाचे ठसे, राजारामांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आणि खाऱ्या पाण्यातल्या बेटावरच्या गोड्या विहिरी: दूध, दही, साखर. वेळ कमीच असेल तर फोटो आवरा, पण तटावरून थोडं चालाच. जूनपासून पावसाळाभर मात्र होड्या बंद. तेव्हा गेलात तर किल्ला किनाऱ्यावरूनच बघावा लागेल.