तीर्थनच्या पाण्यात पहिली फिरकी

प्रश्न : मी चिपळूणचा, खाडीत लहानपणापासून गरवतोय. हातात तंगूस (नायलॉनची दोरी), गरीला कोळंबी, बास. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फॅमिलीला घेऊन हिमाचलला तीर्थन व्हॅलीत चाललोय, तिथे ट्राउट, म्हणजे थंड पाण्यातला मासा, मिळते म्हणतात. स्पिनिंगचा रॉड कधी हातात धरलेला नाही. दुकानदार म्हणतो 9 फुटी रॉड आणि मोठं रीळ घ्या. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. तो रॉड समुद्रावर लांब फेकायला ठीक आहे. तीर्थन नदी गुशैणी गावाच्या आसपास दगडाधोंड्यांतून खळाळत येते, दोन्ही काठांवर झाडी, तिथे 9 फुटी काठी घेऊन फिरलात तर मासा राहील बाजूला आणि तुम्ही फांद्यांतून तंगूस सोडवत बसाल. 6 ते 7 फुटी लाइट किंवा अल्ट्रालाइट रॉड, 1000 ते 2500 साइजचं छोटं रीळ आणि 6 पौंडांचा ताण सोसणारा तंगूस, एवढ्यावर काम होतं. आमिष म्हणून फिरकी, म्हणजे स्पिनर (ओढताना गरगर फिरणारं धातूचं पातं असलेलं आमिष), मेप्स कंपनीची अग्लिया 1 आणि 2 नंबर, साधारण साडेतीन-साडेचार ग्रॅमची, दोन रुपेरी आणि दोन सोनेरी घ्या, कारण एकदोन तर पहिल्याच दिवशी खडकात अडकून जाणार हे धरूनच चला. गळाला तीन टोकं असतील तर टोकांजवळचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करा, मासा सोडताना सोपं जातं आणि पोरांच्या बोटात घुसला तरी पटकन निघतो.

रीळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा तंगूस किती जोराला सुटावा ते ठरवणारा ब्रेक, घरीच बघून ठेवा. अर्धा-पाऊण किलो तांदूळ पिशवीत घालून तंगूसला बांधायचे आणि रॉडने हळू उचलायचं, पिशवी जरा वर येते न येते तोच रीळ करकर करत सुटलं पाहिजे. सुटलं नाही तर ड्रॅग फार आवळलाय, चांगला मासा पहिल्याच हिसक्यात तंगूस तोडून जाईल. खाडीत आपण हाताने सोडत-ओढत खेळवतो ना, तेच काम इथे ड्रॅग करतो.

लायसन्स मात्र आधी काढा, ते हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून मिळतं, होमस्टेवाल्याला विचारलंत तर कुठे जायचं ते सांगेल, आणि किती मासे, केवढे, कुठल्या पट्ट्यात हे सगळं तिथेच नीट विचारून घ्या. 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, थंडीत ती अंडी घालते म्हणून. तुम्ही ऑक्टोबरात जाताय, म्हणजे वेळ बरोबर साधलीय.

प्रश्न : मेच्या शेवटी तिकडेच गेलो होतो. पूर्ण दिवस स्पिनर फेकला, एक टोचणी नाही, वर संध्याकाळपर्यंत तंगूसचा नुसता गुंता. चुकलं काय? (वाचक, पुणे)

उत्तर : अर्धी चूक तुमची नाहीच, मे-जूनला वरचा बर्फ वितळतो आणि पाणी फुगतं, राखाडी होतं, फिरकी माशाच्या नाकासमोरून गेली तरी दिसत नाही. अशा दिवसांत सकाळी लवकर जायचं, रात्रीच्या गारठ्याने पाणी जरा उतरलेलं असतं.

गुंत्याचं कारण वेगळं. फिरकी फिरते तसा तंगूसला पीळ बसत जातो. फिरकीच्या वर हातभर अंतरावर छोटा स्विव्हल (स्वतःभोवती फिरणारी जोडकडी) बांधा, आणि फेकून झाल्यावर रीळाची तार, म्हणजे फेकताना उघडतो ती कमान, हँडल फिरवून बंद करू नका, हाताने करा, मग तंगूस बोटाने ताणून घ्या आणि नंतरच गुंडाळायला लागा. इतक्या साध्या गोष्टीने निम्मे गुंते संपतात, खरंच.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही बहुतेक नदीच्या मधोमध फेकत होतात, सगळेच नवीन लोक तेच करतात. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभी असते आणि उगाच दमायचं नाही म्हणून मोठ्या दगडाच्या आडोशाला, किंवा जिथे जोराची धार आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातं त्या रेषेवर थांबते, खाणं वाहत तिच्याकडे येतं. म्हणून तुम्ही तिच्या मागे, खालच्या अंगाला उभे राहा, तिरकं वरच्या बाजूला फेका आणि प्रवाहापेक्षा जरासं जास्त वेगाने गुंडाळत या. फिरकी नीट फिरत असली की रॉडच्या दांड्यात बारीक थरथर लागते. ती थांबली की समजायचं पान अडकलंय, नाहीतर तुम्ही फार हळू गुंडाळताय, नाहीतर माशाने धरलंय, आणि तिन्ही वेळेला करायचं एकच, रॉड हलका वर उचलायचा. एका दगडामागे पाच-सहा फेकी झाल्या की पुढच्या दगडाकडे चला. आणि वाकून चाला हो, स्वच्छ पाण्यात तुमची सावली पडली की खेळ संपला.

एक कळकळीने सांगते. पाणी अचानक गढूळ झालं किंवा मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसला तर सामान तिथेच टाकून काठावर या. तीर्थन पुढे लारजीजवळ बियास नदीला मिळते, आणि जून 2014 मध्ये लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले, ते नदीत उभे राहून फोटोच काढत होते. धरणाच्या खालच्या पात्रात मासे गरवायला उतरूच नका.

प्रश्न : मुलीला मासा मारायचा नाहीये, पकडून सोडायचाय. सोडलेली ट्राउट जगते का? (वाचक, नाशिक)

उत्तर : जगते, पण सोडणाऱ्याच्या हातावर आहे. आधी हात पाण्यात बुडवून ओले करायचे, कोरड्या हाताने तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. कल्ल्यांना बोट लावायचं नाही, खडकावर ठेवायचं नाही, फोटो काढायचा तर पाण्यालगतच आणि तोही झटपट, तुम्ही श्वास रोखून धरू शकता तेवढ्या वेळात. मग मुलीला सांगा, एका हाताने शेपटीजवळ आणि दुसऱ्याने पोटाखाली हलकं धरून तोंड प्रवाहाकडे ठेव. कल्ले उघडझाप करताना दिसतात. शेपटीचा जोर हाताला लागला की मूठ सैल करायची, ती आपली आपण जाते. त्याआधी सोडली तर उताणी पडून वाहत जाते.