वारसा की डेलिगेशन? वाचकांचे प्रश्न

बिलिंगचं सॉफ्टवेअर करतेय. कुणाला बिल मराठीत लागतं, कुणाला कन्नडमध्ये, म्हणून ‘बिल’ क्लासचे दोन सबक्लास (त्याचे गुण वारशाने घेणारे उपप्रकार) केले. आता थर्मल रोल आणि ए-फोर असे दोन कागद आले. क्लास वाढतच चाललेत. – एक वाचक, निपाणी

वाढणारच. दोन भाषा, दोन कागद म्हणजे चार क्लास. उद्या इंग्रजी आणि पीडीएफ आलं की नऊ. बिलाने बेरीज आणि जीएसटी बघावा, बाकीचं सोपवून टाकावं; यालाच ढोबळपणे डेलिगेशन म्हणतात. त्याच्या हाताखाली एक ‘भाषा’ ऑब्जेक्ट आणि एक ‘छपाई’ ऑब्जेक्ट द्या. मग तीन अधिक तीन, सहा मदतनीसांत भागतं. शिवाय गिऱ्हाइकाने काउंटरवर ऐनवेळी ‘कन्नडमध्ये द्या’ म्हटलं, तर त्याच बिलाचा भाषा-ऑब्जेक्ट बदलता येतो. सबक्लास एकदा ठरला की ठरला.

फॉरवर्डिंग आणि डेलिगेशन एकच ना? व्हायवात अडकलो. – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, बेळगाव

नाही, आणि भलेभले इथेच अडकतात. वरचंच बिल घ्या. ‘छपाई’मधली छापा() ही मेथड (क्लासमधलं एक काम) आतून शीर्षक() बोलावते, आणि शीर्षक() बिलाकडेही आहे. नुसतं फॉरवर्डिंग, म्हणजे काम फक्त पुढे ढकलणं, असेल तर ‘धिस’ (ज्याच्या नावाने काम चाललंय तो ऑब्जेक्ट) म्हणजे छपाई, त्यामुळे तिचंच शीर्षक कागदावर येतं. खऱ्या डेलिगेशनमध्ये काम दुसरा करतो, पण ‘सेल्फ’ (‘धिस’चंच दुसरं नाव) मूळ ऑब्जेक्टच राहतो. बिलाचं शीर्षक येतं. संगणकशास्त्रज्ञ हेन्री लीबरमन यांनी 1986च्या निबंधात हाच मुद्दा धरला होता. जावास्क्रिप्टची प्रोटोटाइप साखळी (स्वतःकडे नसलेली मेथड नमुना-ऑब्जेक्टकडे शोधणं) अशीच चालते. जावात ही सोय नाही, तिथे बिलाने स्वतःला पॅरामीटर म्हणून द्यावं लागतं: छापा(धिस). कोटलिन भाषेतला ‘बाय’ हा शब्द टंकनाचे कष्ट वाचवतो, पण तोही फॉरवर्डिंगच करतो. बिलात ओव्हरराइड केलेलं (नव्याने लिहिलेलं) शीर्षक आतल्या छपाईला दिसत नाही. परीक्षकांना हे एवढं सांगितलंत तरी पुरे.

आयफोन अ‍ॅपमध्ये स्क्रीन बंद केली तरी मेमरी सुटत नाही. – चिकोडी

डेलिगेट (ज्याच्यावर काम सोपवलंय तो) ‘वीक’, म्हणजे मेमरीत धरून न ठेवणारा, केलाय का, ते आधी बघा. स्क्रीनने ऑब्जेक्ट धरलाय, ऑब्जेक्टने डेलिगेट म्हणून स्क्रीनलाच. दोघेही सोडत नाहीत.

मग इन्हेरिटन्स (वारसा) वापरायचंच नाही? – खानापूर

वापरा की! फक्त पालकाची प्रत्येक मेथड मुलाला शोभते का, ते तपासा. जावाचा ‘स्टॅक’ (वस्तू फक्त वरून ठेवायची-काढायची चळत) हा ‘व्हेक्टर’चा (कुठेही वस्तू घालता येणाऱ्या यादीचा) सबक्लास आहे, त्यामुळे कुणीही स्टॅकच्या मधोमध वस्तू घुसवू शकतो. व्हेक्टर आत लपवून फक्त पुश (वर ठेवणं), पॉप (वरून काढणं) आणि पीक (वरची वस्तू बघणं) उघडे ठेवले असते, तर ही भानगड झाली नसती. आता जावाचं डॉक्युमेंटेशनच स्टॅकऐवजी ‘डेक’ (Deque, दोन्ही टोकांनी वस्तू घालता-काढता येणारी रांग) वापरायला सांगतं.