पोतंभर माती

ताई, माझे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत होते. १९७० साली भरती झाले, १९७१ च्या युद्धात आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढले आणि १९९४ ला हवालदार म्हणून पेन्शनला आले. यंदा त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होतात. १६ डिसेंबरला, विजय दिवशी, हॉल घेऊन त्यांचा जाहीर सत्कार करायचा, त्या युद्धाचं ‘पूर्वी स्टार’ पदक आणि बाकीची मेडल्स फ्रेम करून द्यायची असं मी ठरवलंय. बाबा ऐकायलाच तयार नाहीत. गावचं घर बंद करून आमच्याकडे पुण्यात आल्यापासून ते कशातच रमत नाहीत, दिवसभर गॅलरीत बसून असतात. गेल्या दिवाळीत किल्ल्यासाठी कुठूनतरी पोतंभर माती घेऊन आले होते. सोसायटीत चिखल चालत नाही, म्हणून मी ती टाकून द्यायला लावली आणि मुलांना तयार किल्ला आणून दिला. लहानपणी ते सुट्टीवर आले की आम्ही पडवीत किल्ला करायचो, अगदी आषाढात आले तरी. त्यांचं मन कसं वळवू?

— एक मुलगा, पुणे

हॉल, जेवण, पाहुण्यांची यादी यांवर तुम्ही आणखी दीड पान लिहिलंय, ते मी वर छापलेलं नाही. मी दोनदा पत्र वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पोत्यापाशी अडले.

चौऱ्याहत्तरीचा माणूस अनोळखी शहरात माती शोधत फिरतो, पोतं भरतो, वर आणतो. कुठून आणली, एवढं तरी विचारलंत का? आणि ती खाली न्यायलासुद्धा त्यांनाच लावलंत ना? तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला तसंच वाटतं. राग आला मला तुमचा.

जवानाला वर्षाला साठ दिवसांची सुट्टी असते, वर तीस दिवसांची कॅज्युअल. पण ती कधी मिळणार हे कंपनीत ठरतं. सणाला सगळ्यांनाच घरी जायचं असतं. एक निघाला की दुसऱ्याला ड्यूटीवर थांबावं लागतं. चोवीस दिवाळ्यांतल्या तुमच्या बाबांच्या वाट्याला किती आल्या, कधी मोजल्यात? म्हणून तर तो आषाढातला किल्ला. बाहेर पाऊस कोसळतोय, गावातली पोरं कागदाच्या होड्या सोडताहेत आणि पडवीत एक हवालदार विटांवर ओलं गोणपाट अंथरून त्यावर चिखल थापतोय, कारण त्याच्या पोराची दिवाळी त्याच्याविना होऊन गेली होती. ते सगळं तुम्हाला आठवतंय, तुम्हीच लिहिलंय. मग हातात तीच माती घेऊन ते दारात उभे राहिले, तेव्हा कसं नाही कळलं?

‘मी नसायचो’ हे फौजी बाप तोंडाने म्हणत नाही हो. तो माती आणतो.

जमालपूरला लढले तेव्हा ते वीस वर्षांचे होते. त्या रात्रींबद्दल ज्यांनी पाठ थोपटावी असं त्यांना वाटलं असेल, ती माणसं तेव्हा त्यांच्या शेजारीच होती. तुमच्या हॉलमधल्या शालीला ते नको म्हणतात, यात हट्ट काहीच नाही.

हॉल रद्द करा, आजच. मग चेअरमनकडे जा. खाली प्लास्टिक अंथरू, भाऊबीज झाली की मी स्वतः जागा धुऊन देईन, असं सांगा. ते नाहीच म्हणाले तर तुमच्या गॅलरीत करा, पण करा. बाबांना फक्त एवढंच विचारा, यंदा कुठला किल्ला? त्यांनी प्रतापगड म्हटलं तर प्रतापगड. बुरूज कुठे घ्यायचा, पायवाट कुठून काढायची, ते सांगतील. तुम्ही कोपरापर्यंत हात चिखलात घाला, पोरांनाही घालू द्या. मोबाइल आत ठेवा. मावळे कुंभाराकडचे आणा, आणि महाराज सिंहासनावर बाबांनाच बसवू द्या.

अळीव उगवायला चार-पाच दिवस लागतात. म्हणजे वसुबारसेच्या आठवडाभर आधी माती घरात हवी. या वेळी पोतं तुम्ही उचला.