‘पार्ट येईल’ म्हणत दोन वर्षं होत आली. ग्राहक तक्रारीची मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची?

प्रश्न वरूड तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदाराचा आहे. मिनी ट्रॅक्टर २०१२ चा, हायड्रॉलिक पंप गेला. नागपूरच्या विक्रेत्याने १० ऑगस्ट २०२४ ला २२ हजार अ‍ॅडव्हान्स घेऊन चिठ्ठीवर ‘४५ दिवसांत पार्ट’ असं लिहून दिलं. जून २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं की मॉडेल बंद झालं, पंप मिळणार नाही. वकिलाच्या नोटिशीला उत्तर नाही. कंपनीवर केस करता येईल का आणि भाड्याच्या ट्रॅक्टरचा खर्च मिळेल का, असं ते विचारतात. अशी पत्रं पेरणीच्या आधी नेहमीच येतात.

भाऊ, कंपनीचं नंतर पाहू. आधी चिठ्ठीवरचे ते ४५ दिवस मोजा. ते २४ सप्टेंबर २०२४ ला संपले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदत ग्राहक आयोगाला (ग्राहकांच्या तक्रारींचं न्यायालय) स्वतः तपासावी लागते. तुम्ही जून २०२५ पासून मोजताय. नकार त्या दिवशी मिळाला, तेव्हा तसा युक्तिवाद करता येतो, आणि तो तक्रारीत लिहाच. पण त्याच्या भरवशावर बसू नका. विक्रेत्याचा वकील २४ सप्टेंबरच धरणार. म्हणून २४ सप्टेंबर २०२६ च्या बरंच आधी तक्रार दाखल झाली पाहिजे. नोटीस पाठवल्याने, फोनवर ‘पुढच्या आठवड्यात’ ऐकल्याने मुदत थांबत नाही. पत्रव्यवहारात दोन वर्षं घालवणारे कास्तकार पाहिले की चीड येते, कारण हक्क असतो आणि दिवस गेलेले असतात. उशीर माफ करून घ्यायचा अर्ज करता येतो, पण कारण सबळ लागतं. ‘विश्वास ठेवला’ हे बहुधा पुरत नाही.

तक्रार अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. विक्रेता नागपूरचा असला तरी तक्रारदार राहतो तिथे ती चालते (कलम ३४). दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

२२ हजारांतले ८ हजार रोख दिले आणि त्याची नोंद नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे करायला नको होतं. आता फोनवरून गेलेल्या १४ हजारांचा बँक उतारा काढा. रोख रकमेसाठी चिठ्ठीवरचं विक्रेत्याचं हस्ताक्षर आणि सोबत असलेल्या मिस्त्रीचं शपथपत्र जोडा. व्हॉट्सअ‍ॅपच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्या. मूळ फोन विकू नका. जुना पंप भंगारात टाकू नका.

ट्रॅक्टरने शेजाऱ्यांची कामं भाड्याने करता, हे लपवू नका. स्वतःची बाग, स्वतः चालवतो, उपजीविकेसाठी घेतला, असं स्पष्ट लिहा आणि सातबारा जोडा. ‘व्यापारी वापर आहे, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ ही हरकत यायचीच.

भाड्याच्या खर्चाचं खरं दुखणं करार कायद्याच्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणात आहे. नुकसान टाळायला कोणते मार्ग उपलब्ध होते, हे भरपाई ठरवताना पाहिलं जातं. ‘दुसरीकडे पंप का शोधला नाही?’ असं विचारतील. म्हणून आत्ताच शोधा आणि शोधल्याचा कागद ठेवा. जुन्या हायड्रॉलिक पंपावरची (हा गिअर पंप असतो) पाटी साफ करून फोटो काढा: प्रत्येक फेऱ्याला किती सीसी, फिरण्याची दिशा, शाफ्टच्या स्प्लाइनचे (टोकावरच्या खाचांचे) दात, फ्लँजच्या (पंप बसवायच्या कडेच्या) बोल्टमधलं अंतर. हे चारही जुळलं तर दुसऱ्या बनावटीचा पंपही बसू शकतो. दिशा उलटी असेल तर चालू करताच शाफ्टची सील फुटते. बेअरिंग आणि ऑइल सील कंपनीकडे मागू नका. बेअरिंगवर ६२०५ असेल तर आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५ मिलिमीटर; ते कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. सीलवर मापं कोरलेली असतात. जे दुकानदार ‘पंप नाही’ म्हणतील त्यांच्याकडून लेटरहेडवर लिहून घ्या. पंप मिळालाच तर पक्कं बिल घ्या, म्हणजे किमतीतला फरकही मागता येईल.

कंपनीला दुसरा विरुद्ध पक्ष करा, पण फार आशा धरू नका. मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षं सुटे भाग द्यायचे, हे आपल्या कोणत्याही सर्वसाधारण कायद्यात ठरवलेलं नाही. सर्व्हिस पुस्तिकेत किंवा जाहिरातीत तसं आश्वासन छापलेलं असेल तर बाजू वजनदार होते.

निकाल तीन महिन्यांत द्यायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. निदान एक गोष्ट सोडू नका. आयोगाची नोटीस मिळाल्यापासून ३० आणि वर फार तर १५ दिवस एवढीच विरुद्ध पक्षाला जबाब देण्याची मुदत आहे. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती सक्तीची ठरवली. ४६ व्या दिवशी जबाब आला तर तो घेऊ नये, असा लेखी अर्ज त्याच तारखेला द्या.