रोमांचक म्हणजे रोमँटिक नव्हे

प्रश्न असा आहे: 'कॉलेजच्या आइस हॉकी संघाचा कर्णधार आणि त्याची शिकवणी घेणारी मुलगी, अशी एक हलकीफुलकी कादंबरी वाचतेय. तिच्याबद्दल चार ओळी लिहिताना "रोमांचक कादंबरी" म्हटलं, तर मैत्रीण म्हणाली "रोमँटिक" लिही. दोन्हींचा अर्थ एकच ना? आणि नायकाला "खिलाडू" म्हटलं तर चालेल का?'

एकच नाही. मैत्रिणीचं बरोबर आहे. हा 'रोमांचक' हल्ली फार बोकाळलाय. चांदणं पडलं, हातात हात आले, की झाली 'रोमांचक संध्याकाळ'. गंमत म्हणजे हा गोंधळ एकतर्फी आहे. कड्यावरून दोरीला लोंबकळत खाली आलेला माणूस 'काय रोमँटिक अनुभव होता!' असं कधी म्हणत नाही.

रोमान्सचं मूळ रोममध्ये, हे बहुतेकांना ठाऊक असतं, तेव्हा थोडक्यात आटपतो. पंडितांची भाषा लॅटिन. तिच्यात नव्हे, तर तिच्यापासून झालेल्या लोकबोलीत सांगितलेली गोष्ट ती रोमान्स. म्हणजे आपल्याकडे संस्कृतात न लिहिता 'प्राकृतात' लिहिणं म्हणत, तसलाच हा शब्द. त्या गोष्टी शूर सरदारांच्या, साहसांच्या. प्रेम त्यात ओघाने यायचं, पुढे तेच उरलं. फ्रेंच आणि जर्मनमध्ये 'रोमान' म्हणजे आजही नुसती कादंबरी, मग ती खुनाची का असेना. आपल्या जुन्या समीक्षकांनी रोमान्सला 'अद्भुतरम्य' हा शब्द दिला तो त्या जुन्या अर्थाला धरून. 1861 सालच्या 'मुक्तामाला' या मराठी कादंबरीला अद्भुतरम्य म्हणतात ते याच अर्थाने.

रोमांचाचा रोम शहराशी काडीचा संबंध नाही. संस्कृतात रोम म्हणजे अंगावरची लव. ती ताठ उभी राहते तो रोमांच. अमरकोश 'रोमाञ्चो रोमहर्षणम्' म्हणून मोकळा होतो, आणि खरी मेजवानी या दुसऱ्या शब्दात आहे. 'हर्ष' म्हटलं की आपल्याला आनंद आठवतो, पण 'हृष्' या धातूच्या मुळाशी आहे केस ताठ उभे राहणं. आनंद ही नंतरची कमाई. त्याचा लॅटिनमधला सख्खा भाऊ म्हणजे 'होर्रेरे', अर्थ तोच, अंगावर काटा येणं. त्याच्यापासून इंग्रजीत काय आलं? हॉरर! म्हणजे आपला हर्ष आणि भुताच्या सिनेमातला हॉरर एकाच घरातले. एक हसत बाहेर पडला, दुसरा किंचाळत. मला तरी याहून सुंदर व्युत्पत्ती माहीत नाही.

'रोमांच हा फक्त आनंदाचाच' असं ठणकावून सांगणारे शुद्धिवादी भेटले की मी त्यांना गीतेच्या पहिल्या अध्यायात धाडतो. 'वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते', असं अर्जुन म्हणतो तेव्हा त्याला काय आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या? हात थरथरताहेत, गांडीव गळून पडतंय. तोच अर्जुन अकराव्या अध्यायात विश्वरूप बघून 'हृष्टरोमा' होतो, तिथे कारण विस्मय. लव बिचारी कारण विचारत नाही. पुराणं सांगणाऱ्या सूताचं तर नावच रोमहर्षण. त्याच्या कथनाने श्रोत्यांच्या अंगावर काटा उभा राही, म्हणून ते नाव, असं पुराणंच सांगतात. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कुठल्या लेखकाला मिळालंय? दुसरा एक पंथ 'अंगावर रोमांच उभे राहिले' ही द्विरुक्ती आहे म्हणून लाल शाई उगारतो. त्यांनी ती दौतीत परत ओतावी. मराठीने रोमांच हा शब्द त्या उभ्या राहिलेल्या केसांनाच लावला आणि त्याला अनेकवचनात बसवलं. भाषेला तेवढी मुभा असते.

मग गोंधळ झाला कसा? एक कारण हिंदी. तिथे 'रोमांस', 'रोमांटिक' असं अनुस्वार देऊन लिहितात. डोळ्याला 'रोमां' दिसलं की हात पुढचं आपोआप लिहितो. पण माझा लाडका तर्क वेगळा आहे. आपल्या मराठीत च दोन. 'रोमांच'मधला तालव्य, चिमणीतल्यासारखा. पण काही तोंडांतून तो चमच्यातल्यासारखा दंत्य निघतो. तसा मोठ्याने म्हणून बघा, 'रोमान्त्स' ऐकू येतं, आणि रोमान्स तिथून हाकेच्या अंतरावर. एका जाणकारांना हे सांगितलं तर ते 'दूरान्वय' म्हणाले. म्हणोत.

आता तुमची कादंबरी. असल्या पुस्तकात शेवटचा सामना असतोच. नायकाचा संघ एका गोलने मागे, घड्याळात मिनिटभर उरलेलं. प्रशिक्षक गोलकीपरला बाहेर बोलावून बर्फावर सहावा हल्लेखोर उतरवतो आणि मागे जाळं सताड उघडं. हे पान रोमांचक. त्याच वेळी ती प्रेक्षकांत त्याचीच जर्सी घालून बसलीय, बाह्या बोटांच्या खालपर्यंत आलेल्या, आणि चेंडूऐवजी असते ती चकती कुठे आहे ते न बघता त्याच्याकडे बघतेय, हे रोमँटिक. पुस्तकात दोन्ही भरपूर असेल तर दोन्ही शब्द लिहा, मधे 'आणि' घालून. रोमँटिक परका वाटत असेल तर 'प्रणयरम्य' आहे, जरा इस्त्री केलेला, पण आहे.

हो, खिलाडू राहिलाच. जो खेळतो तो खेळाडू, थट्टामस्करी करतो तो खेळकर, आणि हार मनाला लावून न घेणारा तो खिलाडू. 'मोठा खिलाडी आहे' म्हटलं तर मराठीत बेरकीपणाची छटा येते, ते टाळा. तुमचा कर्णधार सामना हरल्यावर रांगेत उभा राहून समोरच्या संघाशी नीट हात मिळवत असेल, तर खुशाल खिलाडू म्हणा. काठी आपटून तडक कपडे बदलायच्या खोलीत जात असेल, तर नुसता खेळाडू.